अर्ध्या सेकंदाची मागणी

ऑक्टोबर २०२४ मध्ये पोर्शेने आपल्या ९११ जीटी३ या गाडीची सुधारित आवृत्ती जाहीर केली. इंजिन एकच, सांगाडा एकच, टायरही तेच. गिअरबॉक्स मात्र दोन, ज्याला जो हवा तो त्याने घ्यावा. सात गिअरचा, स्वतःहून गिअर बदलणारा ‘पीडीके’ घेतला तर गाडी शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ३.४ सेकंदांत गाठते. सहा गिअरचा, क्लच दाबून हाताने बदलायचा मॅन्युअल घेतला तर त्याच कामाला ३.९ सेकंद लागतात. जी गाडी बांधलीच शर्यतीच्या ट्रॅकसाठी, तिच्यात अर्धा सेकंद ही फार मोठी रक्कम आहे. इंजिनीअर मंडळी शंभरावा हिस्सा वाचवण्यासाठी महिनोन्‌महिने खपतात. आणि तरीही हा मंद गिअरबॉक्स आम्हाला परत द्या, म्हणून जगभरच्या शौकिनांनी एकेकाळी अक्षरशः रान उठवलं होतं.

या मागणीला हट्ट म्हणून बाजूला सारणं सोपं आहे. पण दोन्ही गिअरबॉक्सांच्या आत काय चालतं ते एकदा नीट पाहिलं की मागणीही समजते, आणि माणसाने लोखंडाच्या चकत्यांकडून काय काय करून घेतलं आहे ते पाहून थक्क व्हायला होतं.

सुरुवात इंजिनापासूनच करावी लागेल, कारण गिअरबॉक्सचा जन्म इंजिनाच्या एका उणिवेतून झाला आहे. जीटी३ च्या मागच्या बाजूला सहा सिलिंडरचं, ३,९९६ सीसीचं इंजिन बसवलेलं असतं. त्यात टर्बो नाही. ते साधी हवा स्वतःच्या श्वासानेच ओढून घेतं. ते मिनिटाला ९,००० फेरे मारू शकतं, म्हणजे सेकंदाला १५०. त्यातला प्रत्येक पिस्टन ८१.५ मिलिमीटर पुढे जातो, थांबतो, तेवढाच मागे येतो, पुन्हा थांबतो. एका सेकंदात तीनशे वेळा थांबणं आणि तीनशे वेळा सुटणं. सरासरी काढली तर पिस्टनचा वेग सेकंदाला साडेचोवीस मीटर भरतो, म्हणजे ताशी ८८ किलोमीटर. हे सगळं हाताच्या पंजाएवढ्या अंतरात, आणि दर थांब्याला वेग शून्य! लिहिताना आकडे साधे वाटतात, पण त्या पिस्टनला धरून ठेवणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर काय बेतत असेल याची कल्पना करून पाहा.

या इंजिनाला एक गोष्ट अजिबात जमत नाही: हळू फिरणं. मिनिटाला पाच-सहाशे फेऱ्यांच्या खाली गेलं की ते गचके देऊन बंद पडतं. चाकाची गरज बरोबर उलटी असते. जीटी३ च्या मागच्या टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर. गाडी ताशी ३१३ किलोमीटरच्या कमाल वेगाने पळते तेव्हा चाक मिनिटाला जेमतेम २,३०० फेरे घेतं. इंजिन त्या वेळी नऊ हजारांच्या आसपास आहे असं धरलं, तर इंजिनाचे चार फेरे आणि चाकाचा एक, असं ढोबळ प्रमाण झालं. आता तेवढंच एक प्रमाण कायम ठेवून गाडी ताशी दहाने चालवायची म्हटली तर चाक मिनिटाला ७३ वेळा फिरेल, आणि इंजिनाने तीनशेच्याही खाली फिरावं लागेल. म्हणजे सिग्नलवरून सुटतानाच गाडी बंद. खालच्या वेगाला इंजिनाचे फेरे जास्त आणि चाकाचे कमी, वरच्या वेगाला ते अंतर कमी, अशी प्रमाणं बदलत राहावीच लागतात. प्रत्येक गिअर म्हणजे असं एक प्रमाण. खालच्या गिअरमध्ये चाक सावकाश फिरतं, पण इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, चाकापर्यंत कितीतरी पट होऊन पोचतो. घाट चढताना आपण गाडी सेकंडला टाकतो ती याचसाठी.

सुधारित जीटी३ मधला सगळ्यांत बोलका बदल इथेच झाला आहे, आणि तो बाहेरून दिसत नाही. प्रदूषणाचे नियम कडक झाले. धूर गाळण्यासाठी या गाडीत आता चार कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि दोन पार्टिक्युलेट फिल्टर आहेत. एवढ्या गाळण्यांतून श्वास सोडायचा म्हटल्यावर इंजिनाला धाप लागणारच. नवे कॅमशाफ्ट बसवून कंपनीने ताकद होती तिथेच, ५१० अश्वशक्तीवर, राखली. पण टॉर्क ४७० न्यूटन-मीटरवरून ४५० वर आला. चार टक्क्यांहून जास्त घट. मग इंजिनीअरांनी गिअरबॉक्सकडे मोहरा वळवला आणि एकूण प्रमाण आठ टक्क्यांनी आखूड केलं, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे तेवढे वाढवले. गणित अगदी शाळेतलं आहे. ४५० ला १.०८ ने गुणलं की ४८६ येतात. म्हणजे इंजिनातून निघणारा पीळ कमी झाला, पण चाकाशी पोचणारा पीळ पूर्वीपेक्षा तीन टक्क्यांनी वाढला. याची किंमत वरच्या टोकाला मोजावी लागली: मॅन्युअलचा कमाल वेग ३२० वरून ३१३ वर आणि पीडीकेचा ३१८ वरून ३११ वर उतरला. ताशी तीनशेच्या पुढचे सात किलोमीटर किती जणांच्या वाट्याला येतात? वळणातून बाहेर पडतानाचा जोर मात्र प्रत्येकाच्या वाट्याला येतो. जुन्या जीटी३ चे गिअर फार लांब आहेत, दुसऱ्या गिअरमध्येच अनेक देशांतल्या हमरस्त्यांची वेगमर्यादा ओलांडली जाते, अशी शौकिनांची जुनी कुरकुर होतीच. नियमांनी घातलेल्या अडचणीतून त्या कुरकुरीवरही उतारा निघाला. मला हा सौदा फार देखणा वाटतो.

आता मॅन्युअल गिअरबॉक्स उघडून पाहू. गिअर बदलला की आतली दंतचक्रं सरकतात आणि एकमेकांत अडकतात, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. सगळ्या गिअरच्या सगळ्या जोड्या कायम एकमेकांत गुंतलेल्याच असतात आणि गाडी चालू असताना सगळ्या फिरतही असतात. युक्ती अशी, की प्रत्येक जोडीतलं एक चक्र आपल्या शाफ्टला घट्ट बसवलेलं असतं आणि दुसरं शाफ्टभोवती सैल, बेअरिंगवर मोकळं गरगरत असतं. सहा जोड्यांमध्ये सहा सैल चक्रं. त्यातलं एक शाफ्टला जखडलं की तो गिअर ‘पडला’. बाकीची पाच फिरत राहतात, पण कोणाला काही ओढत नाहीत. गिअरच्या दांड्यापासून दोन केबल निघतात, त्या आतला एक चिमटा हलवतात, आणि तो चिमटा एका कड्याला काही मिलिमीटर इकडे किंवा तिकडे ढकलतो. त्या कड्याच्या आतल्या दात्यांनी सैल चक्र शाफ्टशी जखडलं जातं. एवढंच. मुठीतला तो मोठा झटका आत पोचेपर्यंत नखाएवढी हालचाल उरलेली असते.

अडचण वेगाची आहे. शाफ्ट एका गतीने फिरतोय, सैल चक्र वेगळ्याच गतीने, आणि दोघांचे पोलादी दाते एकमेकांत बसवायचे आहेत. जबरदस्तीने बसवायला गेलं तर करकर आवाज येईल आणि दात्यांचे तुकडे होतील. म्हणून मध्ये एक कडी असते, बहुधा पितळी, आतून शंकूसारखी निमुळती. दांडा ढकलला की आधी ही कडी सैल चक्राच्या शंकूवर दाबली जाते. घर्षणाने त्याची गती कमी केली जाते किंवा वाढवली जाते. आणि इथे या यंत्रातली सगळ्यांत हुशार गोष्ट आहे: जोवर दोन्ही गती जुळत नाहीत, तोवर ती कडी किंचित वळून आपले दाते आडवे धरते आणि कड्याला पुढे जाऊच देत नाही. गती जुळली की आडवं धरणारा जोर आपोआप संपतो, दाते बाजूला होतात आणि कडं अलगद आत घसरतं. धावत्या लोकलमध्ये चढणारा माणूस आधी फलाटावर गाडीच्या बरोबरीने धावतो आणि वेग जुळला की मगच पाय टाकतो, तसं हे आहे. फरक इतकाच, की इथे वेग जुळल्याशिवाय पाय टाकायची सोयच ठेवलेली नाही.

पुढच्या वेळी मॅन्युअल गाडी चालवाल तेव्हा गिअर सावकाश टाकून पाहा. दांडा थोडा जातो, अडतो, क्षणभर हाताला एक मऊसा विरोध जाणवतो, आणि मग तो आत ओढला गेल्यासारखा घसरतो. तो विरोध म्हणजे ती कडी आहे. दोन फिरत्या वस्तूंची गती जुळत असताना तुम्ही ती बोटांनी मोजत असता. चांगल्या गिअरबॉक्समध्ये हा क्षण इतका स्वच्छ जाणवतो की त्याची चटक लागते. जीटी३ च्या दांड्याचा प्रवास फार आखूड ठेवलेला आहे. मनगट वळलं की गिअर पडला.

गती जुळवणारी ही यंत्रणा, सिंक्रोमेश, १९२८ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक गाड्यांत पहिल्यांदा आली. अर्ल थॉम्पसन या इंजिनीअरची ती कामगिरी. त्याआधी वेग जुळवायचं काम चालकाचं होतं. क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचं, क्लच सोडायचा, ॲक्सिलरेटर देऊन आतल्या शाफ्टची गती अंदाजाने वाढवायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग गिअर टाकायचा. आपल्याकडच्या जुन्या ट्रक ड्रायव्हरांना ‘डबल क्लच’ म्हटलं की लगेच कळतं. मालाने भरलेली गाडी घेऊन बोरघाट चढताना वा उतरताना हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं, आणि इंजिनाच्या आवाजावरून ते जो अंदाज बांधत तो मोजमापाच्या उपकरणालाही लाजवणारा होता. खुद्द पोर्शे कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत स्वतःची वेगळ्या घडणीची सिंक्रो कडी तयार केली आणि तिचा परवाना इतर मोटार कंपन्यांना विकला. गाड्या अजून थोड्याच बनत होत्या त्या काळात या नव्या कंपनीला तो चांगला आधार ठरला. पोर्शे ९११ मध्ये ती कडी १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली.

वेगात वळणावर येताना अजून एक कसब लागतं. समजा गाडी तिसऱ्या गिअरमध्ये सहा हजार फेऱ्यांवर आहे आणि ब्रेक मारता मारता दुसरा गिअर टाकायचा आहे. दुसऱ्या गिअरला त्याच वेगासाठी इंजिनाचे आठ हजार फेरे लागत असतील, तर क्लच सोडताच चाकं इंजिनाला सहावरून आठवर खेचतील आणि त्या हिसक्याने मागची चाकं घसरतील. म्हणून उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक दाबून धरायचा आणि त्याच पायाच्या कडेने किंवा टाचेने ॲक्सिलरेटरला एक टिचकी मारायची. दोन्ही पाय, डावा क्लचवर आणि उजवा एकाच वेळी दोन पेडलांवर. डावा हात स्टिअरिंगवर, उजवा गिअरवर (जर्मनीत चालक गाडीत डावीकडे बसतो म्हणून). चार अवयव, पाच कामं, अर्ध्या सेकंदाच्या आत. जमलं तर काहीच जाणवत नाही. गाडी तेलासारखी वळणात शिरते. नव्या जीटी३ मध्ये ही टिचकी संगणकही देऊ शकतो, आणि ज्याला ती स्वतःच द्यायची आहे त्याच्यासाठी ती सोय बंद करायची व्यवस्थाही ठेवली आहे.

या सगळ्या खटाटोपात इंजिन काही क्षण चाकांपासून तुटलेलं असतं. निष्णात चालकाला गिअर बदलायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागला असं धरू. ताशी १०० च्या वेगाला तेवढ्यात गाडी नऊ मीटर पुढे गेलेली असते, ताशी २०० ला साडेअठरा. तेवढं अंतर ती नुसती घरंगळते, तिला कोणी ढकलत नसतं. ही पोकळी भरून काढायचं स्वप्न फार जुनं आहे.

ते पहिल्यांदा नीट कागदावर मांडणारा माणूस फ्रेंच होता: अडॉल्फ केग्रेस. त्याची कहाणी एखाद्या कादंबरीला शोभेल. रशियाच्या झारच्या मोटारखान्यात तो नोकरीला होता, आणि बर्फात गाड्या चालाव्यात म्हणून त्याने मागच्या चाकांच्या जागी पट्टे बसवले. क्रांतीनंतर तो फ्रान्सला परतला. सित्रोएन कंपनीने त्याच्या पट्ट्यांच्या गाड्यांनी सहारा वाळवंट ओलांडलं. १९३१ मध्ये त्याच बनावटीच्या दोन गाड्या श्रीनगरहून निघून हिमालयाच्या अरुंद पायवाटांवरून गिलगिटपर्यंत गेल्या. या केग्रेसने १९३९ च्या सुमाराला कल्पना मांडली: एका गाडीत दोन क्लच ठेवायचे. मग महायुद्ध आलं, आणि १९४३ मध्ये तो वारला.

दोन क्लच कशाला? समजा गिअरबॉक्स दोन अर्ध्या गिअरबॉक्सांचा बनवला. एकात विषम गिअर: पहिला, तिसरा, पाचवा, सातवा. दुसऱ्यात सम: दुसरा, चौथा, सहावा. दोन्ही अर्ध्यांना इंजिनाशी जोडणारे शाफ्ट एकमेकांच्या आत, बाहेरचा पोकळ आणि त्यातून आरपार जाणारा आतला. प्रत्येकाला स्वतंत्र क्लच, तेही बहुधा एकाच्या आत एक असे बसवलेले. आता गाडी तिसऱ्या गिअरमध्ये जोरात पळते आहे. विषम बाजूचा क्लच जोडलेला आहे, सम बाजूचा सुटलेला. सुटलेल्या बाजूवर काहीच भार नाही, त्यामुळे तिथे संगणक निवांतपणे चौथा गिअर आधीच टाकून ठेवतो. चालकाला याचा पत्ताही नसतो. एकाच वेळी दोन गिअर पडलेले असतात! चालकाने स्टिअरिंगमागची पट्टी ओढली की एक क्लच सुटत जातो आणि त्याच वेळी दुसरा धरत जातो. भार एका शाफ्टवरून दुसऱ्यावर ओतला जातो, मध्ये थेंबभरही सांडत नाही. जीटी३ मध्ये हे सगळं सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आत उरकतं.

खरा प्रश्न उरतो तो पुढचा गिअर कोणता हे आधी ओळखण्याचा. चालक वेग वाढवतोय की ब्रेक मारतोय, गाडी वळणात आहे का, ॲक्सिलरेटर किती झपाट्याने सुटला, हे सगळं पाहून संगणक अंदाज बांधतो. अंदाज बरोबर निघाला तर बदल क्षणात. चुकला तर आधी टाकलेला गिअर काढून दुसरा टाकण्यात वेळ जातो. म्हणजे या यंत्राच्या वेगाचं गुपित पोलादाइतकंच माणसाचा पुढचा विचार ओळखण्यात आहे. केग्रेसच्या काळात असं डोकं कुठून आणायचं? पोर्शेने १९८० च्या दशकात आपल्या शर्यतीच्या ९५६ आणि ९६२ या गाड्यांत दोन क्लचचा गिअरबॉक्स बसवला. तो जड होता, नाजूक होता, चालक वैतागत असत. तरी १९८६ मध्ये मोंझाची शर्यत हान्स स्टुक आणि डेरेक बेल यांनी त्याच गिअरबॉक्सवर जिंकली. नेहमीच्या रस्त्यावर येण्याइतका तो स्वस्त, हलका आणि शहाणा व्हायला अजून सतरा वर्षं लागली. २००३ मध्ये फोक्सवॅगनच्या गोल्फ आर३२ मध्ये तो विक्रीला आला, आणि ज्या पोर्शेने त्याला ट्रॅकवर घडवलं तिच्या ९११ मध्ये २००८ साली.

२०१३ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात नवी जीटी३ आली. ४७५ अश्वशक्ती, ९,००० फेरे, मागची चाकंही वळणारी, आणि गिअरबॉक्स फक्त पीडीके. मॅन्युअल नाहीच. कंपनीचं म्हणणं सरळ होतं: जीटी३ ही ट्रॅकवरची गाडी, ट्रॅकवर घड्याळ बोलतं, आणि घड्याळाचा कौल पीडीकेला आहे. कंपनीने शौकिनांचीही थोडी समजूत काढली होती: दोन्ही पट्ट्या एकदम ओढल्या की क्लच सुटतो, म्हणजे पायाचं काम हाताने करता येतं. पण या युक्तिवादाने समाधान झालं नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं जीटी३ चालवल्या होत्या, त्यांना घड्याळाशी भांडायचंच नव्हतं. गाडी वेगवान झाली हे ते मान्य करत होते. त्यांचं म्हणणं असं होतं की त्या पोकळीत आमचं काम होतं, ते तुम्ही काढून घेतलंत.

मला वाटतं त्यांनी अगदी नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. इंजिन चाकांपासून सुटलेलं असतं तो तिसरा हिस्सा सेकंद यंत्राच्या लेखी वाया गेलेला असतो, पण चालकाच्या लेखी तेवढाच वेळ गाडी पूर्णपणे त्याच्या हवाली असते. गती किती जुळवायची, क्लच कधी सोडायचा, टिचकी किती द्यायची, हे ठरवणारा तोच. नीट जमलं तर त्याचं, बिघडलं तरी त्याचंच. पीडीकेने ही पोकळी इतक्या उत्तम रीतीने भरून काढली की तिच्याबरोबर तो निर्णयही भरून गेला.

उत्तर २०१६ मध्ये आलं. ९११ आर नावाची फक्त ९९१ गाड्यांची एक मालिका, हलकी, मागचा मोठा पंख नसलेली, सहा गिअरचा मॅन्युअल एवढाच पर्याय. त्या गाड्या हातोहात गेल्या आणि लगेचच मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने पुन्हा विकल्या जाऊ लागल्या. बाजाराने एवढं स्पष्ट बोलल्यावर ऐकावंच लागतं. २०१७ च्या मार्चमध्ये, पुन्हा जिनिव्हातच, सुधारित जीटी३ चार लिटरचं नवं इंजिन घेऊन आली आणि तिच्यात मॅन्युअलचा पर्याय परत आला. तेव्हापासून तो जीटी३ मधून गेलेला नाही. २०२१ च्या जीटी३ मध्ये तर पीडीकेचा दांडाही मॅन्युअलच्या दांड्यासारखा दिसेल असा घडवला, की ज्यांनी पट्ट्यांऐवजी हाताने गिअर टाकायचा ठरवला त्यांना तो पुढे-मागे ढकलता यावा. मॅन्युअलच्या बाजूने वजनही आहे: त्या २०२१ च्या गाडीचं वजन मॅन्युअलसह १,४१८ किलो आणि पीडीकेसह १,४३५. दोन क्लच, त्यांना थंड ठेवणारं तेल, पंप आणि झडपा यांचे हे सतरा किलो.

याच काळात २०२३ मध्ये ९११ ला साठ वर्षं झाली म्हणून ९११ एस/टी ही मालिका निघाली, १,९६३ गाड्यांची, तीही फक्त मॅन्युअल. तिच्यासाठी क्लच आणि फ्लायव्हील इतकी हलकी केली की फिरणारं वजन साडेदहा किलोंनी उतरलं. फ्लायव्हील जड असलं की इंजिनाची गती हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. गाडी चालवायला सोपी, पण सुस्त. हलकं केलं की पाय हलवताच काटा उडी मारतो. गिअर बदलताना इंजिनाची गती जुळवायला लागणारा वेळ त्यामुळे घटतो, आणि चालकाच्या पायाला चूक झाकायला जागाही उरत नाही.

आणि आता घड्याळाकडे वळू, कारण त्याने शेवटी मजेदार साक्ष दिली. जर्मनीतल्या आयफेल डोंगरांत नूर्बुर्गरिंगचा जुना ट्रॅक आहे, नॉर्डश्लाइफे. २०.८ किलोमीटरचा एक फेरा, जंगलातून, चढउतारांचा, गाड्यांची परीक्षा घ्यायला याहून कठीण जागा नाही. २०२१ च्या जीटी३ ने पीडीकेसह तो ६ मिनिटं ५९.९२७ सेकंदांत पूर्ण केला होता. एप्रिल २०२५ मध्ये योर्ग बेर्गमायस्टर यांनी सुधारित जीटी३ तिथे नेली, मुद्दाम मॅन्युअल गिअरबॉक्सची, आणि फेरा ६ मिनिटं ५६.२९४ सेकंदांत आटोपला. हाताने गिअर बदलून, आधीच्या पीडीकेपेक्षा साडेतीन सेकंदांनी लवकर. याचा अर्थ मॅन्युअल वेगवान झाला असा नाही. त्याच नव्या गाडीला पीडीके लावला असता तर ती आणखी लवकर पोचली असती. पण चार वर्षांत गाडीच्या बाकीच्या अंगांनी इतकी प्रगती केली की त्यांनी त्या पोकळीची किंमत भरून काढली आणि वर शिल्लकही टाकली.

हे सगळं दूरदेशीचं वाटलं तरी याच वादाची एक छोटी आवृत्ती पुण्याजवळ चाकणलाही घडली आहे. तिथल्या फोक्सवॅगनच्या कारखान्यातून २०१३ मध्ये पोलो जीटी टीएसआय निघाली, दोन क्लचच्या सात गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्सची. आपल्याकडच्या अनेकांनी दोन क्लचची चव पहिल्यांदा तिच्यातच घेतली. २०२२ मध्ये व्हर्टस जीटी आली, दीड लिटरच्या इंजिनाची, तीही फक्त डीएसजीवर. हेच इंजिन मॅन्युअलला द्या, असं इथले शौकीन म्हणत राहिले, आणि २०२३ मध्ये सहा गिअरचा मॅन्युअल त्या गाडीत आला. किमतीत आणि ताकदीत पोर्शेची बरोबरी नाही, पण मागणी अक्षराअक्षराने तीच होती.

पुढे काय, हा प्रश्न मोठा आहे. सुधारित ९११ मालिकेतल्या जीटीएसमध्ये पोर्शेने विजेची मोटार घातली, आणि तिला जागा दिली ती थेट पीडीकेच्या पोटात. १५० न्यूटन-मीटरपर्यंत पीळ देणारी ती मोटार गिअरबॉक्सच्या कवचातच फिरते. साहजिकच त्या गाडीत मॅन्युअल नाही. पूर्ण विजेच्या गाड्यांना तर गिअरची गरजच जवळपास संपली, कारण विजेची मोटार शून्यापासून पूर्ण पीळ देते. हळू फिरताना बंद पडणं हा दोष तिच्यात नाहीच. आणि तरी ह्युंदाईच्या आयोनिक ५ एन या विजेच्या गाडीत एक कळ आहे. ती दाबली की गाडी आठ गिअरच्या, दोन क्लचच्या पेट्रोल गाडीसारखी वागू लागते. पट्टी ओढली की मोटारचा जोर क्षणभर तोडला जातो, हलकासा धक्का बसतो, स्पीकरमधून आवाज उतरतो आणि पुन्हा चढतो. गिअर बदलायला विसरलात तर ‘इंजिन’ वरच्या मर्यादेवर अडकून राहतं. एका गिअरच्या, पोकळी नसलेल्या यंत्रात इंजिनीअरांनी संगणकाने खोटी पोकळी निर्माण केली आहे, आणि ती चालवणारे तिच्यावर खूश आहेत.

सुधारित जीटी३ जाहीर झाली त्याच ऑक्टोबरमध्ये पोर्शेने नवी ९११ कॅरेरा टी पण दाखवली. ३९४ अश्वशक्तीची, जीटी३ पेक्षा पुष्कळ सौम्य, रोजच्या रस्त्यावरची गाडी. गिअरच्या दांड्याची मूठ अक्रोडाच्या लाकडाची, पेडल तीन, गिअर सहा, आणि पीडीकेचा पर्यायच ठेवलेला नाही. २०१३ च्या जीटी३ च्या नेमकं उलट.